हे थांबवायचं काम कोणाचं? (द्राक्षं, लाल समुद्र आणि पंच नसलेली मॅच)

रीफरवाला_वाशी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे ते आज टाकतोय.

मी वाशीत फॉरवर्डिंगच्या, म्हणजे दुसऱ्यांचा माल जहाजाने परदेशी पाठवून देण्याच्या, धंद्यात आहे. जानेवारी ते एप्रिल आमचा हंगाम. नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला जातात. २०२३च्या नोव्हेंबरात हूथींनी (येमेनमधला सशस्त्र गट) 'गॅलक्सी लीडर' हे जहाज पळवलं आणि पुढच्या महिन्याभरात बहुतेक मोठ्या लाइन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, लाल समुद्राकडे पाठ फिरवली. सुवेझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा. तीन-साडेतीन आठवड्यांचं काम पाच आठवड्यांवर गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: द्राक्षाची पेटी उघडली की आधी देठ बघतात, मणी नंतर. देठ हिरवा तर माल ताजा. पेटीत सल्फरचा कागद घालतो, त्याने बुरशी थांबते, देठ वाळायचा थांबत नाही. २०२४च्या मार्चात आमचा एक कंटेनर तिकडे उघडला आणि फोटो आले. मणी टणक, चव उत्तम, देठ मात्र दालचिनीसारखे. घेणाऱ्याने भाव पाडला.

बाग दिंडोरीकडची. बागायतदार माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना आबा म्हणतो. फोनवर शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, हे थांबवायचं काम कोणाचं?"

मला सांगता आलं नाही. संयुक्त राष्ट्रांचं म्हणावं, तर सुरक्षा परिषदेने १० जानेवारी २०२४ला ठराव केला होता, क्रमांक २७२२. अकरा बाजूने, विरोधात कोणी नाही, चार तटस्थ, त्यांत रशिया आणि चीन. हल्ले बंद करा असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हल्ले चालू राहिले.

ट्रान्स हार्बरच्या डब्यात रोज ऐकतो की अमेरिकेची सद्दी संपली, आता बहुध्रुवीय जग, आपले दिवस आले. येऊ देत की, माझी ना नाही. फक्त एक सांगा, ध्रुव वाढले की पंच वाढतात की पंच पळून जातात?

तर्री_जास्त

मी पयला. बाकीचे लोक पॉपकॉर्न घेऊन बसतात, आम्ही ठाणेकर मिसळ घेऊन बसलोय. पाव संपायच्या आत भांडा.

गर्जतो_सह्याद्री

उत्तर सोपं आहे. ज्यांचं काम आहे त्यांना खुर्चीवरून उठवा आणि ज्याची लायकी आहे त्याला बसवा. १९३ देशांत लोकसंख्येने आपण पहिले. सुरक्षा परिषदेवर आठ वेळा निवडून गेलो, शेवटचे २०२१-२२ला. तरी कायमची जागा नाही. का? तर १९४५च्या ग्रुप फोटोत ते पाच जण पुढच्या रांगेत उभे होते म्हणून! भारत आत बसला की बघा कसे सरळ होतात.

पाटीवरचा_खडू

सह्याद्री, बाळा, जोश छान आहे. पण फोटो बदलायचा तर फोटोतल्यांचीच सही लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं १०८वं कलम वाच. दुरुस्तीला दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी आणि त्यांत पाचही कायम सदस्य असावे लागतात. एकाने जरी मान हलवली नाही तरी कागद तिथेच.

आजवर परिषद एकदाच मोठी झाली. १९६५ साली ११चे १५ सदस्य झाले, तेही तात्पुरत्या जागा वाढवून. चीनची खुर्ची १९७१मध्ये तैपेईकडून बीजिंगकडे गेली, ती आधीचीच खुर्ची, नवी नाही. आपण जपान, जर्मनी, ब्राझील यांच्याबरोबर मोट बांधली आहे. तिकडे इटली, पाकिस्तान वगैरेंचा 'कॉफी क्लब' आहे, त्यांना नव्या कायम जागाच नकोत. प्रत्येकाला आपला शेजारी नको असतो. चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, मुलांना हा धडा सगळ्यांत कंटाळवाणा वाटायचा. आता वाटतं, मीच नीट शिकवला नाही.

आणि नकाराधिकार (पाचांपैकी एकाने 'नाही' म्हटलं की ठराव पडतो तो) कोणी एकच वापरतो असं नाही. २५ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनच्या ठरावावर रशियाने वापरला. ८ डिसेंबर २०२३ला गाझातल्या शस्त्रसंधीवर अमेरिकेने. तिथे तेरा बाजूने होते, एक विरोधात, ब्रिटन तटस्थ. तेराचं काही चाललं नाही.

घोडबंदर_कधी_सुटेल

म्हणजे आमची सोसायटीच की. सुरुवातीचे पाच मेंबर, त्यांचं स्टिल्ट पार्किंग कायम, बाकी १८८ घरं गाडी घोडबंदर रोडवर लावणार. मीटिंगमध्ये चहा सगळ्यांना, निर्णय पाचांचा.

सचिव_नाइलाजाने

घोडबंदर, थांबा. मी खरोखरच एका सोसायटीचा सचिव आहे (नाव वाचा) आणि ही उपमा मला पटत नाही. पुनर्विकासाला पूर्वी ७५ टक्के संमती लागायची. २०१९मध्ये सरकारने आदेश काढून ५१वर आणली. आमच्यातल्या कोणाला विचारलं का? नाही. वरून नियम बदलला आणि पंधरा वर्षं अडून बसलेल्या दोघा काकांची हवा गेली.

कारण सोसायटीच्या वर उपनिबंधक असतो. उपनिबंधकाच्या वर सहकार खातं, त्याच्यावर कोर्ट. मेंबर कितीही माजला तरी एक जिना चढून तक्रार करता येते. सुरक्षा परिषदेच्या वर कुठला जिना आहे? तिथे गच्ची लागते.

तर्री_जास्त

"तिथे गच्ची लागते." साहेब, हे मी आमच्या एजीएमला वापरणार.

कप्तान_नेरूळ

धागा वाचतोय. तीस वर्षं समुद्रावर काढली, आता नेरूळला गुडघे सांभाळतो. रीफरवाल्यांनी वळशाचे दिवस सांगितले, मी डेकवरचं सांगतो.

प्रत्येक जहाजाला एआयएस असतं. नाव, वेग, दिशा आणि पुढचं बंदर हवेत सांगत जाणारं यंत्र. पुढच्या बंदराच्या रकान्यात जेमतेम वीस अक्षरं मावतात. तिथे 'जेद्दा' किंवा 'सुएझ' लिहायचं. २०२४च्या सुरुवातीला एक जुना सहकारी त्या वाटेने गेला. पडद्यावर आजूबाजूच्या जहाजांचे रकाने वाचत होता, तर बंदराच्या जागी काहींनी लिहिलं होतं, 'सगळे खलाशी चिनी'. झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, मालक भलत्याच देशातला, आणि जीव वाचवायला भरवसा कशावर, तर चीनशी नातं आहे एवढ्या दाखवण्यावर. रीफरवाले, सत्ता कुठे सरकली ते न्यूयॉर्कला जाऊन शोधू नका, त्या वीस अक्षरांत बघा.

आता दुसरी बाजू. मी स्वतः एका जहाजावर आखातातल्या नांगरवाड्यात सात महिने बिनपगारी अडकलो होतो. नाव घेत नाही. मालकाने फोन उचलणं बंद केलं. झेंडा एकाचा, व्यवस्थापन दुसऱ्याचं, खलाशी रत्नागिरीचे, बिहारचे आणि फिलिपिन्सचे. गोडं पाणी बादलीने मोजून. भाताबरोबर मासे, कारण मासे आम्हीच पकडायचो. तेव्हा मला वाटलं होतं की आपण कोणाचेच नाही.

पण सागरी कामगार करार नावाची एक गोष्ट आहे, २००६ची, २०१३पासून लागू. २०१७पासून त्यात असं आलं की खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर विम्याने घरी पोचवायचं आणि थकलेला पगार चार महिन्यांपर्यंत द्यायचा. विम्याचा तो कागद जहाजावर खलाशांच्या डोळ्यांसमोर लावलेला असतो. आमच्या मेसच्या भिंतीवर होता, तेलाचे डाग पडलेला. त्यावरच्या नंबराला फोन लावला. सातापैकी चार महिन्यांचे पैसे आले आणि तिकीट आलं. तीन महिन्यांचे आजतागायत नाहीत.

पंच नाही असं मी म्हणत नाही. चार सप्तमांश पंच आहे.

सई_सीवूड्स

कप्तानकाका, काटा आला वाचताना. 'सगळे खलाशी चिनी' असं खरंच लिहायचे?

कप्तान_नेरूळ

हो ताई, त्याची बरीच चर्चा झाली होती तेव्हा. काहींनी 'इस्रायलशी संबंध नाही' असंही लिहिलं. सरसकट नव्हे, पण होते. आणि सगळे खरं लिहीत होते याची खात्री कोण देणार!

गर्जतो_सह्याद्री

मग आपल्या नौदलाचं कोणी बोलणारच नाही का? मार्च २०२४मध्ये 'रुएन' नावाचं जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवलं. आयएनएस कोलकाता, चाळीस तासांची कारवाई, १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे पकडून मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात. आबांना सांगा, काम कोणाचं ते. आपलं. आणि आपण केलं.

कप्तान_नेरूळ

सह्याद्री, त्या दिवशी नेरूळात मी पेढे वाटलेत, तेव्हा अभिमान मला शिकवू नका. पण फरक बघा. चाच्याला जगात कोणी वाली नसतो. कुठल्याही देशाच्या नौदलाने त्याला पकडावं असा समुद्राचा जुना कायदा आहे, आणि त्यासाठी आपण २०२२ला स्वतःचा कायदाही केला. हूथींच्या क्षेपणास्त्रामागे इराण आहे, इराणच्या तेलामागे गिऱ्हाइकं आहेत. वाली असलेल्याला कोण धरणार? बळी तो कान पिळी हे खरंच, पण ज्याचा मामा बळी तोही पिळतो.

बोल्टवाला_वागळे

वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. नट-बोल्ट. बावीस माणसं. आम्हाला जग बदललं ते दोन कागदांवरून कळलं.

पहिला कागद युरोपचा. १ ऑक्टोबर २०२३पासून त्यांचा कार्बनचा सीमाकर आला, सुरुवातीला नुसती माहिती द्यायची, खरी वसुली १ जानेवारी २०२६पासून. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे. बोल्टही त्यात. जर्मनीच्या गिऱ्हाइकाकडून एक्सेल शीट आली: एक टन बोल्ट बनवताना किती कार्बन निघतो? माझ्या विजेच्या बिलाचं सांगू शकतो. पण तार ज्या पोलादाची, त्याचा हिशोबही माझ्याच गळ्यात. कळंबोलीच्या व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "शेठ, मी बिल देतो, धुराची पावती कुठून देऊ?" आकडा नाही दिला तर ते आपला ठोकताळ्याचा आकडा लावणार, तो चढाच असतो. आता वर्षाला पन्नास टनांखालच्या आयातदाराला सूट दिलीय म्हणे. आमचं गिऱ्हाईक त्याच्या वरचं, आमचं नशीब.

दुसरा कागद अमेरिकेचा. पोलादावर २०२५च्या मार्चात २५ टक्के, जूनमध्ये ५०. ऑगस्टच्या शेवटी भारताच्या इतर मालालाही ५० लागले तेव्हा आमच्या संघटनेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "या, बसा, आम्ही जूनपासून आहोत."

युरोपने दोन वर्षं आधी नोटीस दिली आणि फॉर्म भरायला लावला. अमेरिकेने आधी थोबाडीत मारली, मग कारण सांगितलं. पण दोघांनीही जिनिव्हाला कोणाला विचारलं नाही. एकेकाळी म्हणायचे की जागतिक व्यापार संघटनेत दाद मागता येते. आता कुठे मागायची?

ऊसवाला_जावई

बोल्टवाले, दाद मागता येते, मिळत नाही. गंमत ऐका. सासर कोल्हापूरचं, त्यामुळे हे पाठ आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या साखरेच्या अनुदानावर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. आपण अपील केलं. अपील ऐकणार कोण? अपिलाच्या मंडळावर सात सदस्य हवेत, एका प्रकरणाला किमान तीन. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९पासून मंडळाला गणपूर्तीच नाही. म्हणजे अपील दाखल, सुनावणी कधीच नाही, निकाल लोंबकळत. साखर कारखान्याला सुख.

तेव्हा पंच पळाला म्हणून गळा काढताना हेही लिहा की पंच नसताना आपणही एक धाव चोरली.

गर्जतो_सह्याद्री

चोरली काय? ऊस शेतकऱ्याचं पोट आहे त्यावर. ज्यांनी दोनशे वर्षं लुटलं त्यांनी आम्हाला अनुदान शिकवायचं?

ऊसवाला_जावई

ब्राझीलने आणि ग्वाटेमालाने कधी लुटलं आपल्याला?

घोडबंदर_कधी_सुटेल

सह्याद्री क्लीन बोल्ड. (पंच नसल्याने नाबाद.)

पाटीवरचा_खडू

भांडू नका रे. आणि सह्याद्रीचा मुद्दा अगदीच फेकून देऊ नका. रचना करताना खुर्च्या ज्यांनी वाटल्या त्यांनी स्वतःला जास्त वाढून घेतलं, हे खरंच आहे.

सई_सीवूड्स

खडूताईंच्या वाक्याला पुस्ती. मी बँकेत आहे, त्यामुळे पैशाच्या खुर्च्यांबद्दल लिहिते.

जुलै १९४४मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले आणि नाणेनिधी, जागतिक बँक ठरली. तेव्हा आपण स्वतंत्रही नव्हतो, तरी हिंदुस्थानचं शिष्टमंडळ होतं आणि त्यात आपले सी. डी. देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्या वेळी नाणेनिधीत भारताच्या वाट्याला ४० कोटी डॉलरचा कोटा (ज्यावर मतांचं वजन ठरतं तो हिस्सा) आला, क्रमाने सहावा. रशिया आत आलाच नाही, म्हणून आपण पहिल्या पाचांत! पुढे जर्मनी, जपान वगैरे वर सरकले आणि आपण घसरलो. आज अर्थव्यवस्था ब्रिटन-फ्रान्सच्या तोडीची, पण नाणेनिधीत आपला कोटा पावणेतीन टक्के आणि त्यांचा प्रत्येकी सव्वाचारच्या आसपास. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा. करा गणित. २०१०ला ठरलेली फेरवाटणी अमेरिकी काँग्रेसच्या संमतीसाठी २०१६पर्यंत रखडली.

म्हणून ब्रिक्सवाल्यांनी शांघायला स्वतःची बँक काढली, २०१५ला सुरू झाली. पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत, पाचही संस्थापकांचा वाटा सारखा, कोणालाच नकाराधिकार नाही. वाचायला किती छान! पण २०२२च्या मार्चात, रशियावर निर्बंध येताच, याच बँकेने संस्थापक रशियाचे नवे व्यवहार थांबवले. कारण बँकेलाही बाजारातून डॉलर उचलायचे असतात.

तरीही मी रीफरवाल्यांइतकी हताश नाही. आपल्या आजूबाजूला बघा. अटल सेतूला कर्ज जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं. ठाण्याच्या मेट्रो चारला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं. मुंबईतल्या मेट्रो दोन आणि सातला त्या शांघायच्या बँकेचं. एकच सावकार असलेल्या गावापेक्षा तीन सावकारांचं गाव बरं. घासाघीस तरी करता येते.

घोडबंदर_कधी_सुटेल

ताई, मेट्रो चारचे खांब मी किती वर्षं बघतोय ते विचारू नका. जर्मनीला एक एक्सेल शीट आम्ही पण पाठवू का? एक टन खांबामागे किती कार्बन आमच्या गाड्यांतून निघाला?

बोल्टवाला_वागळे

@सई, तीन सावकार बरे हे मान्य. पण प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. मोठा उद्योग त्यासाठी डिपार्टमेंट ठेवतो. माझ्याकडे डिपार्टमेंट म्हणजे मी आणि माझी बायको, रविवारी.

कप्तान_नेरूळ

अवांतर, पण बोल्टवाल्यांच्याच दुखण्याचं. जहाजांच्या धुरासाठी सगळ्यांचा मिळून एकच नियम लंडनच्या सागरी संघटनेत जवळजवळ ठरत आला होता. ऑक्टोबर २०२५च्या बैठकीत अमेरिकेने जोर लावला आणि मंजुरी वर्षभर पुढे ढकलली. एक फॉर्म नाही झाला की सत्तावीस होतात. धुराला पासपोर्ट लागत नाही, फॉर्मला लागतो.

सचिव_नाइलाजाने

सईताईंचा मुद्दा धनकोंना लागू पडतो, पंचाला नाही. तीन वाण्यांत भाव पडतो. तीन हवालदारांत "ती हद्द माझी नाही" ऐकू येतं. ऐरोली पुलावर अपघात झाला तर आधी हद्द मुंबईची की नवी मुंबईची यावर किती वेळ जातो ते मी उभा राहून पाहिलंय. जखमीला हद्दीशी काय?

सई_सीवूड्स

हे पटलं. माझा 'सावकार' मागे घेत नाही, पण हवालदारापुरता विसंगत आहे हे कबूल.

पाटीवरचा_खडू

कोणीतरी मुद्दा मागे न घेता कबूल केलं! हा धागा जपून ठेवा.

गर्जतो_सह्याद्री

मी पण एक कबूल करतो. कॉफी क्लब मला खोटा वाटला होता, शोधून पाहिला, खरंच आहे. नाव तरी काय ठेवलंय.

तर्री_जास्त

मिसळ क्लब आपण काढू. नकाराधिकार फक्त कांद्यावर.

एक सिरियस विचारतो पण. रीफरवाले, तुम्ही काडी टाकून गेलात कुठे? आणि त्या कंटेनरच्या क्लेमचं काय झालं ते सांगितलंच नाहीत. विमा होता ना?

रीफरवाला_वाशी

इथेच आहे, उरणला होतो दिवसभर, सीएफएसमध्ये (कंटेनरच्या गोदामात) नेटवर्क नाही. सगळं आत्ता वाचलं.

विमा होता. सगळ्या जोखमींचा, महागातला. सर्व्हेअरने रॉटरडॅमला पेट्या उघडल्या, तापमानाची नोंद तपासली. शून्याच्या आसपास, एकदाही चढलं नाही. यंत्र ठीक, माल भरताना ठीक. म्हणजे नुकसान कशाने? उशिराने. आणि मालाच्या विम्याच्या छापील अटींत स्पष्ट असतं की उशिरामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, उशीर ज्या कारणाने झाला त्या कारणाचा विमा असला तरी. लाइनला लिहिलं. त्यांच्या बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर घेतल्याच्या पावतीवर) मागे बारीक अक्षरात वाट बदलायची मुभा त्यांना आहेच. घेणाऱ्याचं म्हणणं, मला देठ हिरवा हवा होता, कराराप्रमाणे. तोही बरोबर.

सगळे आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर. तूट आबांची, थोडी माझी, कारण माझं कमिशन मी सोडलं.

कप्तान साहेबांचा भिंतीवरचा विम्याचा कागद वाचून काल आबांना फोन केला. सांगितलं की खलाशांसाठी असा नियम झालाय, द्राक्षांसाठी नाही. ते म्हणाले, "खलाशांसाठी झाला ना, मग ठीकय." मग विचारलं, या वर्षी कुठल्या वाटेने पाठवणार. म्हटलं, बुकिंगच्या दिवशी लाइन सांगेल ती. तर म्हणाले, मग छाटणी दहा दिवस मागेपुढे करून बघतो, देठ जाड येतो का.

पाटीवरचा_खडू

छाटणीने देठ जाड येतो का खरंच? कोणी बागायतदार आहे का इथे?